कचेरीतला गोपाळकाला

वसुबारसेला लागलेली पणती भाऊबीजेपर्यंत तेवते. त्यानंतर ओवाळणीची तबके मांडणीवर चढतात, माहेरवाशिणी परतीच्या वाटेला लागतात आणि कचेऱ्यांची दारे पुन्हा उघडतात. त्या पहिल्या दिवशी कामाला निघालेल्या प्रत्येकाच्या हातात नेहमीच्या डब्याखेरीज आणखी एक डबा असतो. पंचांगात या दिवसाला नाव नाही. तरीही शाळा, बँका, टपाल कचेऱ्या, दवाखाने आणि एस.टी.ची स्थानके यांमधून तो वर्षानुवर्षे नेमाने साजरा होत आला आहे. मधल्या सुट्टीत टेबलावरील फायली बाजूला सारल्या जातात, वर्तमानपत्राचा कागद पसरला जातो, आणि चकली, शेव, करंजी, शंकरपाळे यांच्या राशीत एक गोलाकार, फिकट बदामी रंगाचा, वर बारीक चीर गेलेला पदार्थ आपली जागा घेतो. तो म्हणजे नानकटाई.

आजच्या दीपावली पानात आम्ही याच डब्याविषयी लिहावयाचे योजले आहे. घरात तळलेल्या आणि भट्टीत भाजलेल्या या वस्तू सहकाऱ्यांत वाटण्याची रीत केवळ शिष्टाचाराची नसून तिचे मूळ आपल्या धर्मविचारात आहे, असे आम्हांस वाटते.

भट्टीपुढील रांग

फैजपूर हे सातपुड्याच्या पायथ्याचे, तापीच्या उत्तरेचे, केळीच्या बागांनी वेढलेले गाव. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरील या गावात प्रांताधिकाऱ्यांची कचेरी आहे, १९६१ साली सुरू झालेले धनाजी नाना महाविद्यालय आहे, शाळा आहेत, बँका आहेत. म्हणजे शेतीवर जगणाऱ्या या गावात नोकरीनिमित्त आलेल्या बाहेरगावच्या मंडळींचीही वस्ती आहे, आणि डब्यांच्या देवघेवीला तीच कारण होते.

खानदेशात दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बेकरीच्या भट्टीपुढे रांग लागते. घरचे तूप, घरची पिठीसाखर, मैदा, थोडे बेसन, थोडा रवा असे साहित्य गृहिणी स्वतः घेऊन जातात आणि किलोमागे ठरलेली मजुरी देऊन नानकटाई भाजून आणतात. कित्येक घरी पीठ घरीच मळून पातेल्यात झाकून नेतात. भट्टीचे शास्त्र जाणण्यासारखे आहे. विटांची भट्टी लाकडांनी तापविली की पहिला कडक जाळ पावासाठी वापरतात. तो ओसरला आणि विटांत मुरलेली ऊब तेवढी उरली की नानकटाईचे पत्रे आत सरकवितात, कारण हा पदार्थ मंद आचेचा आहे. घाई केली तर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो.

घरी करू इच्छिणाऱ्या भगिनींसाठी थोडक्यात सांगतो. तूप आणि पिठीसाखर समभाग घ्यावी आणि त्यांच्या साधारण दुप्पट पीठ घ्यावे. परातीत तूप तळहाताने पांढरे व हलके होईपर्यंत फेसावे, त्यात साखर मिसळून पुन्हा फेसावे, मग चिमूटभर खाण्याचा सोडा, वेलची व जायफळ घालून पीठ हलक्या हाताने एकत्र करावे. येथे पोळीच्या कणकेसारखी तिंबणी नको. तुपाने पिठाचा कण न् कण माखला की त्यात चिकटपणा धरत नाही, आणि खुसखुशीतपणाचे रहस्य यातच आहे. भट्टी दूर असेल तर जाड बुडाच्या पातेल्यात वाळू किंवा मीठ तापवून, त्यावर ताटली ठेवून, झाकण घालून पंधरा-वीस मिनिटे मंद आचेवर भाजावे. गरम असताना ती मऊ लागते म्हणून अधिक भाजू नये. निवल्यावर आपोआप घट्ट होते. आणि पुरती निवल्याखेरीज डब्यात भरू नये, अन्यथा वाफ धरून ती मऊ पडते.

परका म्हणावा काय?

भट्टीत भाजलेला पदार्थ देवाधर्माच्या सणात कसा, अशी शंका जुन्या पिढीतील काही मंडळींना येत असे. तिचे निरसन त्यांच्याच चुलीपाशी होण्यासारखे होते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे हे आपल्याकडील जुने अन्न आहे. खानदेशातील भंडाऱ्याच्या पंगतीत वरणाबरोबर येणारी बट्टी हीही त्याच गोत्रातली. निखाऱ्यावर पीठ भाजणे आपल्याला कोणी बाहेरून येऊन शिकविलेले नाही.

नानकटाई मात्र आपल्याकडे सुरतेच्या वाटेने आली असावी. 'नान' हा फारसी शब्द, त्याचा अर्थ भाकरी. सुरतेत सतराव्या शतकात डचांची वखार होती. त्यांच्या पावाची भट्टी पुढे दोटीवाला या पारशी घराण्याकडे आली आणि वाळलेल्या पावाला असलेली मागणी पाहून त्यातून नानकटाई घडली, अशी परंपरा सुरतेत सांगतात. तापीच्या मुखाशी वसलेल्या त्या शहराचा आणि तापीच्या खोऱ्यातील खानदेशाचा व्यापारसंबंध जुना आहे. त्या नदीकाठाने मालाबरोबर चवीही वर आल्या असतील तर नवल नाही.

ज्या बिस्किटाने पुणे ढवळले

आज सहज वाटणारी ही गोष्ट एके काळी किती अवघड होती, याचे स्मरण ठेवणे उचित होईल. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर चहा व बिस्किटे देण्यात आली. जमलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पुढे उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापली गेली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ताचा प्रश्न निघाला. कित्येक घरांत लग्नकार्याला व श्राद्धपक्षाला अडचणी आल्या. एका पेल्याभर चहाने आणि एका बिस्किटाने विद्वानांचे शहर दुभंगले.

त्या काळच्या आचारधर्मातही एक सूक्ष्म भेद होता, तो आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. पाण्यात शिजविलेल्या अन्नाला खरकट्याचा दोष फार मानीत. दुधात भिजविलेल्या दशमीला तो तितका मानीत नसत. म्हणूनच प्रवासाला निघताना दशम्यांची शिदोरी बांधीत. या दृष्टीने नानकटाई पाहावी. तिच्यात पाण्याचा थेंब नाही, अंडे नाही. आहे ते तूप, साखर आणि पीठ. पाणी नसल्याने ती पंधरवडाभर टिकते, आणि त्याच कारणाने जुन्या सोवळ्याच्या कसोटीलाही ती कमी खुपणारी ठरते. घराबाहेर जावयाच्या डब्यासाठी याहून सोयीचा पदार्थ शोधून सापडणे कठीण!

या भट्ट्या चालविणारे कारागीर पुष्कळ ठिकाणी मुसलमान असतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. लक्ष्मीपूजनाच्या फराळातील नानकटाई त्यांच्या हातच्या उबेतून येते, आणि ईदेच्या दिवशी शिरखुर्म्याची वाटी आपल्या टेबलावर येते. १८९० च्या पुण्याला जे अशक्य वाटले, ते आज तालुक्याच्या गावीही कोणाच्या लक्षात न येता घडत आहे.

रोट घरात, फराळ दारात

याचा अर्थ घराची मर्यादा संपली असा मात्र नव्हे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाईची स्थापना होते. तिचे रोट भाऊबंदकीतच खावयाचे, बाहेर द्यावयाचे नाहीत, असा कुळाचार अनेक घरांत आजही पाळला जातो. त्यात कोणाचा अनादर नाही. वर्षात एकदा विखुरलेले भाऊबंद एका अन्नाला बसावेत, हा त्यामागील हेतू दिसतो. कुळाचाराचे अन्न कुळाला बांधते. फराळाचे अन्न कुळाबाहेरच्यांना बांधते. गृहस्थाश्रमाला दोन्ही हवीत, आणि आपल्या आजीला त्यातील भेद कोणी शिकवावा लागला नाही.

गाव म्हणूनही फैजपूरला या बाहेरच्या पाहुणचाराची सवय आहे. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन येथेच झाले. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, महात्मा गांधी उपस्थित होते, आणि नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या साहित्यातून टिळकनगर सजविले होते. सर्व प्रांतांतून आलेल्या लोकांचा पाहुणचार त्या वेळी खेड्याने केला.

यमुनेकाठची मधली सुट्टी

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात गोपाळांच्या वनभोजनाची कथा आहे. ती आपण देवाची लीला म्हणून ऐकतो. पण ते सारे गोपाळ तेव्हा कामावर होते, इकडे आपले लक्ष जात नाही. वासरे राखणे हे त्यांचे काम, आणि दुपारची शिदोरी हा त्यांचा डबा. प्रत्येकाच्या घरचे वेगळे, कोणाचे भरपूर, कोणाचे बेताचे. भगवंताने त्या सर्वांच्या मधोमध बसून भोजन केले. पुढे आपल्या संतांनी याच प्रसंगाला काल्याचे रूप दिले. कीर्तनकार सांगतात की त्या काल्याचे उष्टे कण मिळावेत म्हणून देव मासे होऊन यमुनेत आले, तेव्हा गोपाळांनी हात धुतलेच नाहीत, घोंगडीला पुसले! स्वर्गस्थ देवांना जे मिळाले नाही ते एकत्र राबणाऱ्यांना मिळाले.

म्हणूनच सप्ताहाची सांगता काल्याशिवाय होत नाही. काल्यात लाही कोणाची, दही कोणाचे, हे विचारीत नाहीत. कचेरीतील पसरलेल्या कागदावरही तेच घडते. साहेबांच्या घरची काजू घातलेली नानकटाई आणि शिपायाच्या घरची साधी शंकरपाळी एकाच राशीत पडतात, आणि घटकाभर कोणाचा हुद्दा कोणता हे विसरले जाते. केवळ स्वतःसाठी शिजविणारा पापच खातो, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी बजाविले आहे. ते वचन पाळण्याची याहून सोपी संधी गृहस्थाला मिळणार नाही.

डबा कोणासाठी?

येथे या विषयातील खरी कसोटी येते. ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला, त्या घरी दिवाळीला कढई चढत नाही. पणती लागते, पण फराळ होत नाही. अशा घरी आप्तांनी व शेजाऱ्यांनी फराळ पोचवावा, ही आपली जुनी आणि अत्यंत शहाणी रीत आहे. पण नोकरीच्या गावी आप्त दूर असतात, शेजार नवा असतो. मग ती रीत कोणी पाळावयाची? शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने! त्या दिवशी रिकाम्या हाताने आलेला माणूस डब्यांच्या गर्दीतून हळूच उठून बाहेर जातो. त्याचे जाणे ज्याच्या लक्षात आले, त्याची दिवाळी झाली असे आम्ही म्हणू. सर्वांदेखत आग्रह करून त्याचे दुःख उघड करू नये. निघताना एक बांधलेला डबा त्याच्या पिशवीत ठेवावा आणि घरी मुलांना द्या, एवढेच म्हणावे. डबा परत कधी, हे विचारू नये.

काही पथ्ये आणखी सांगावीशी वाटतात. घरच्या देवाला नैवेद्य दाखवून मगच बाहेरचा डबा भरावा. वाटणीचा आरंभ झाडूवाल्यापासून आणि शिपायापासून व्हावा, कारण उरलेसुरले त्यांच्या वाट्याला येणे हा अन्नाचा अपमान आहे. उपवास असणाऱ्याला किंवा पथ्य असणाऱ्याला आग्रहाने संकटात टाकू नये. त्याच्यासाठी एक फळ पुरेसे होते, आणि केळीच्या या मुलखात फळाची वाण नाही. जिन्नस कमी पडले तर थोडे थोडे द्यावे. पुढच्या वर्षी कोणाचा डबा मोठा, अशी चढाओढ मात्र लागू देऊ नये. तसे झाले की काला संपतो आणि प्रदर्शन सुरू होते.

शेवटचे पथ्य पुरुषवाचकांसाठी. कचेरीत वाहवा मिळते ती डबा उघडणाऱ्याला. परातीत तूप फेसताना ज्या हाताला रग लागली, भट्टीपुढे जी उभी राहिली, तिच्यापर्यंत ती वाहवा क्वचितच पोचते. आता तर पुष्कळ घरांतील गृहिणी स्वतःही नोकरीला जातात आणि दिवसभर काम करून रात्री कढईपुढे बसतात. मिळालेली स्तुती घरी नेऊन तिच्या स्वाधीन करावी, आणि पुढील खेपेस परात स्वतःकडे ओढून घ्यावी. तूप फेसण्यास मनगटाचे बळ लागते. त्यात मंत्र-तंत्र काही नाही.

लक्ष्मी चंचला आहे, असे आपण म्हणतो. ती एका घरात कोंडून राहत नाही, हा तिचा स्वभाव ओळखूनच आपल्या पूर्वजांनी सणाला वाटणीची जोड दिली असावी. यंदाच्या लक्ष्मीपूजनानंतर आपल्या घरचा डबा ज्या ज्या टेबलापर्यंत जाईल, तेथे तेथे ती सुखरूप पोचो, आणि आमच्या सर्व वाचकांची ही दीपावली अन्नाने, आरोग्याने व परस्परांच्या प्रेमाने भरलेली असो, हीच तिच्या चरणी प्रार्थना!