रिडलीच्या पंखांना घाम का येतो?

तुमची कंपासपेटी उघडून पाहा. पांढरा मऊ खोडरबर आणि प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी पुष्कळ दिवस एकमेकांना टेकून राहिली, की पट्टीवर खोडरबराच्या कडेचा खळगा पडलेला दिसतो. कधी कधी तर दोन्ही वस्तू इतक्या घट्ट चिकटतात की ओढून सोडवाव्या लागतात. कोणी डिंक लावलेला नसतो, की उष्णता दिलेली नसते. मग हे घडते कसे? हे कोडे ज्यांना नीट उलगडून घ्यावेच लागते, अशी एक छांदिष्ट मंडळी आहे. ती म्हणजे व्हिडिओ गेममधील खलनायकांच्या मूर्ती जमवणारे लोक.

रिडली हा असाच एक नामांकित खलनायक. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८६ साली ‘मेट्रॉइड’ हा विज्ञानकथेच्या धर्तीचा गेम काढला. त्याची नायिका सॅमस ॲरन ही अवकाशातील चाच्यांशी लढते. रिडली हा या चाच्यांचा सरदार. ‘एलियन’ या १९७९ च्या चित्रपटाचे दिग्दर्शक रिडली स्कॉट यांच्या नावावरून त्याचे नाव ठेवले गेले. त्याचे रूप टेरोसॉर या प्राचीन उडत्या सरीसृपाची आठवण करून देणारे आहे. दातेरी लांब जबडा, वटवाघळासारखे पातळ पंख आणि भाल्यासारख्या टोकाची लांबच लांब शेपटी. सॅमसने त्याला कितीदा मारले, तरी पुढच्या गेममध्ये तो हजर! २००२ च्या ‘मेट्रॉइड प्राइम’मध्ये तर धातूचे अवयव जोडून त्याला पुन्हा उभे केलेले दिसते. पडद्यावरचा रिडली असा अमर आहे. पण कपाटातल्या रिडलीचे काय?

मूर्ती कशाच्या बनतात?

हातपाय वळवता येतील अशा सांध्यांच्या बाहुल्याला ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९६४ मध्ये ‘जी. आय. जो’ हा सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा सैनिक काढला, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. १९७८ मध्ये केनर कंपनीने ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील पात्रे जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर उंचीची केली आणि जमवण्याचा छंद फोफावला. काही मूर्ती सांध्यांविनाही असतात. रिडलीची २०१८ सालची ‘अमीबो’ मूर्ती त्याच प्रकारची आहे.

अशा मूर्तींत बहुधा दोन प्लॅस्टिके आढळतात. कडक भागांसाठी एबीएस आणि लवचिक भागांसाठी मऊ पीव्हीसी. गंमत अशी, की पीव्हीसी मूळचे मऊ नाहीच. घरातील पाण्याचे पांढरे-करडे पाइप पीव्हीसीचेच असतात. ते किती ताठ असतात हे तुम्हांला ठाऊक आहे. मग त्यापासून लवचिक पंख कसा होतो?

याचे उत्तर १९२६ मध्ये वॉल्डो सेमन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला सापडले. पीव्हीसी हे बहुवारिक आहे, म्हणजे त्याचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. सेमनने ते उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवात तापवले, तेव्हा रबरासारखा लवचिक पदार्थ मिळाला. शिजवलेल्या शेवया नुसत्या ठेवल्या तर त्यांचा गोळा होतो. त्यांना तूप लावले की त्या एकमेकींवरून सहज घसरतात. साखळ्यांमध्ये शिरलेला द्रव हेच तुपाचे काम करतो. त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. मऊ पीव्हीसीच्या वजनाचा एकतृतीयांश भागसुद्धा तो असू शकतो. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा द्रव साखळ्यांशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, तो नुसता आत वस्तीला असतो. म्हणूनच तो बाहेरही पडू शकतो.

दोन नळांचे गणित

टाकीला एक नळ पाणी आणणारा व दुसरा नेणारा, ही गणिते तुम्ही सोडवली आहेत. मूर्तीचा पृष्ठभाग ही तशी टाकी समजा. पहिल्या नळाने प्लॅस्टिसायझर आतून पृष्ठभागावर येतो. दुसऱ्या नळाने तो बाष्परूपाने हवेत जातो. बंद खोक्यातील हवा लवकरच त्या बाष्पाने भरते आणि दुसरा नळ जवळजवळ बंद होतो. पृष्ठभागावर द्रव साचून चिकट थर तयार होतो. हाच रिडलीच्या पंखांचा घाम! तुमच्या कंपासपेटीतही हेच घडते. खोडरबर पुष्कळदा मऊ पीव्हीसीचाच असतो. त्यातला प्लॅस्टिसायझर पट्टीच्या प्लॅस्टिकात शिरून ते मऊ करतो.

मग खोके उघडून मूर्ती पंख्याखाली ठेवावी काय? इथेच खरी मेख आहे. मोकळ्या वाऱ्यात दुसरा नळ पूर्ण उघडतो. घाम दिसेनासा होतो, पण द्रव कायमचा निघून जातो. कालांतराने पंख आकसतो, कडक होतो आणि शेवटी तडकतो. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातील संशोधिका इव्हॉन शाशुआ यांनी मऊ पीव्हीसीच्या वस्तूंचा अभ्यास केला. बंदिस्त, स्थिर हवेत हा ऱ्हास मंदावतो, असे त्यांना आढळले. उलट, पॉलिथीनची पिशवी टीपकागदाप्रमाणे द्रव शोषून घेते. तेव्हा चिकटपणा दिसायला वाईट असला, तरी दिसू न देता होणारे नुकसान अधिक मोठे असते.

वाकलेली शेपटी, पिवळा पडलेला जबडा

रिडलीचे रूपच त्याच्या मूर्तीचे वैरी आहे. लांब शेपटी व पसरलेले पंख एका टोकालाच आधारलेले असतात. आपल्याच वजनाच्या सततच्या ताणाने प्लॅस्टिकातील साखळ्या हळूहळू सरकतात आणि भाग लोंबू लागतो. या संथ वाकण्याला इंग्रजीत ‘क्रीप’ म्हणतात. विदर्भात किंवा मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसकडे जातो, तेव्हा बंद खोलीतील कपाटात हे सरकणे वेगाने होते.

एबीएसचे दुखणे निराळे. त्यातील ब्युटाडाईन या घटकाच्या साखळीत दुहेरी बंध असतात. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण व हवेतील ऑक्सिजन यांचा त्या बंधांवर हल्ला होतो. परिणामी प्लॅस्टिक पिवळट व ठिसूळ होते.

अमीबोच्या बैठकीत एक चिपही दडलेली असते. तिला बॅटरी नाही. यंत्रातील वेटोळ्यातून सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार आवर्तने करणारा, दिशा बदलत राहणारा प्रवाह वाहतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्राने चिपच्या वेटोळ्यात वीज प्रवर्तित होते आणि चिप जागी होते. हा फॅराडेचाच नियम! तिच्या ५४० बाइटच्या स्मृतीत माहिती विद्युतभाराच्या रूपाने साठवलेली असते. हा भारही युगानुयुगे टिकत नाही. चिपचे उत्पादक माहिती टिकण्याचा कालावधी १० वर्षे देतात. त्याआधी नष्ट होणार नाही एवढाच त्याचा अर्थ, अकराव्या वर्षी ती पुसलीच जाईल असा नव्हे.

तुम्ही काय कराल?

जुनी मूर्ती हाताळल्यावर हात धुवा आणि ती लहान भावंडांच्या तोंडात जाऊ देऊ नका. पूर्वी थॅलेट वर्गातील प्लॅस्टिसायझर सर्रास वापरीत. त्यांतील काहींचा शरीरातील संप्रेरकांवर परिणाम होण्याची शक्यता दिसल्याने अमेरिकेने २००८ मध्ये मुलांच्या खेळण्यांतील त्यांचे प्रमाण ०.१ टक्क्यावर आणले. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. पण जुन्या बाजारातील खेळणे या नियमांच्या आधीचे असू शकते.

मूर्ती अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. शेपटीखाली व पंखांखाली पुठ्ठ्याचा टेकू द्या. मऊ भाग दुसऱ्या प्लॅस्टिकला टेकू देऊ नका. चिकटपणा फारच झाला तर कोमट पाणी व सौम्य साबणाने अलगद पुसा, मात्र वारंवार नको, कारण प्रत्येक पुसण्याबरोबर थोडा द्रव कायमचा जातो. ॲसिटोन तर मुळीच लावू नका. त्यात एबीएस विरघळते.

करून पाहा

प्लॅस्टिक ओळखण्याचा एक सोपा प्रयोग वर्गात करता येईल. जोडून खेळण्याच्या ठोकळ्यांतील एबीएसचा एक ठोकळा आणि पीव्हीसी पाइपाचा तुकडा घ्या. दोन्ही साध्या पाण्यात बुडवून हवेचे बुडबुडे काढून टाका. दोन्ही तळाला जातील. आता १०० मिलिलिटर पाण्यामागे १५ ग्रॅम मीठ विरघळवा. ठोकळा वर येईल, पाइपाचा तुकडा मात्र तळालाच राहील. एबीएसची घनता सुमारे १.०५ आणि पाइपाच्या पीव्हीसीची सुमारे १.४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. मधली घनता तुम्ही मिठाने तयार केलीत! जपून ठेवायच्या मूर्तीवर मात्र हा प्रयोग करू नका.

गेममध्ये एक बटण दाबले की रिडली पुन्हा पहिल्यासारखा उभा राहतो. पंखातून उडून गेलेला द्रव आणि ऑक्सिजनने तोडलेले बंध यांना तसे बटण नाही. हे बदल एकाच दिशेने चालतात. त्यांचा वेग कमी करणे एवढेच आपल्या हाती असते. म्हणून काहीही जमवा, मूर्ती असो, नाणी असोत की तिकिटे, पण त्याबरोबर एक वही ठेवा. वस्तू कोणत्या पदार्थाची आहे, कधी मिळाली, कुठे ठेवली आणि दर सहा महिन्यांनी तिच्यात काय फरक दिसला, हे तीत नोंदवा. काही वर्षांनी ती वही तुमच्या संग्रहातील सर्वांत मोलाची वस्तू ठरेल.