वाटीवाटीने मोजलेला प्रकाश

पावसाळ्यात बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगर येथील एखाद्या शाळेच्या गच्चीवर शंभर वाट्या दहा रांगांत मांडल्या आहेत अशी कल्पना करू. सर ओसरल्यावर प्रत्येक वाटीतील पाणी मोजले, तर गच्चीवर कोठे किती पाऊस पडला याचा नकाशा मिळेल. पण मोजपात्र एकच आणि तेही कोपऱ्यात असेल तर? पहिल्या रांगेतील पाणी आधी मोजून घ्यायचे, मग मागच्या प्रत्येक रांगेने आपले पाणी पुढच्या रिकाम्या वाट्यांत ओतायचे.

दुर्बिणीत चित्र टिपणारी सीसीडी ही सिलिकॉनची चिप हेच करते. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉइल व स्मिथ यांनी तिची कल्पना मांडली. २००९ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. येथे पाऊस प्रकाशकणांचा असतो. प्रकाशकण सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मोकळा करतो आणि तो ‘वाटीत’ साठतो. विद्युतदाब क्रमाने बदलून हे इलेक्ट्रॉन पुढे सरकवतात व शेवटी मोजतात.

पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेने विकसित केलेली ‘सूट’ ही दुर्बीण आदित्य-एल१ यानातून २ सप्टेंबर २०२३ रोजी अवकाशात गेली. ती सूर्याची २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीतील चित्रे घेते. यांतील बरेचसे अतिनील किरण ओझोनचा थर अडवतो. म्हणून ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर नेली आहे. तिच्या सीसीडीत ४०९६ रांगा आणि प्रत्येक रांगेत ४०९६ वाट्या आहेत.

आता एक गणित करू. एका वाटीत १००० इलेक्ट्रॉन आहेत आणि ते ४०९६ वेळा सरकवायचे आहेत. दर वेळी ९९.९ टक्के पुढे गेले, तर शेवटी उरतात अवघे १७! ९९.९९९ टक्के गेले, तर सुमारे ९६० उरतात. परीक्षेत ९९.९ टक्के म्हणजे कौतुक. येथे मात्र चित्रच पुसले जाते.

अवकाशात खरा धोका हाच आहे. सूर्याकडून येणारे वेगवान प्रोटॉन सिलिकॉनच्या स्फटिकातील अणू जागचे हलवतात. तेथे जणू खड्डे पडतात. त्यांत इलेक्ट्रॉन अडकतात व उशिरा सुटतात. चित्रातील ठिपक्यांना शेपट्या फुटतात. शिवाय उष्णतेनेही इलेक्ट्रॉन मोकळे होतात, म्हणून चिप थंड ठेवावी लागते.

वर्गात दहा विद्यार्थ्यांना एका ओळीत बसवून एक वाटी पाणी हातोहात ओतत न्यावे. शेवटी किती उरले ते मोजून, दर वेळी सरासरी किती टक्के पाणी पुढे गेले, ते विद्यार्थ्यांनाच काढू द्यावे.