शिंपल्याची भिंत

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून पूर्णा आणि पैनगंगा या नद्या वाहतात. त्यांच्या गाळात शिंपले सापडतात. पूर्वी आयाबाया शिंपल्याने लेकराला दूध पाजीत, कैऱ्या सोलीत. वस्तू एवढी पातळ, पण पटकन फुटत नाही. असे का? ते आज पाहू.

शिंपल्याच्या १०० भागांतले सुमारे ९५ भाग कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. चुनखडीही त्याचीच. विहीर खणताना काळ्या खडकाच्या पोकळीत कधी कधी पांढरे, तिरप्या बाजूंचे खडे निघतात. त्यांतला कॅल्साइटचा खडा याच द्रव्याचा असतो. पण हातोडीचा एक टोला बसला की त्याचे तुकडे होतात. द्रव्य एकच, मग शिंपला चिवट कसा? फरक मालात नाही, तो रचण्यात आहे.

शिंपल्यात एक मऊ जीव राहतो. त्याच्या अंगावर पातळ पडदा असतो. तो पडदाच पाण्यातला चुना घेऊन घर बांधतो. सगळ्यांत बाहेर तपकिरी साल. तिच्या खाली बारीक स्फटिकांचे उभे खांब, एकमेकांना खेटून. आतले अस्तर मात्र चपट्या चकत्यांचे. त्या बहुधा सहा कोनांच्या असतात. या स्फटिकांना अ‍ॅरागोनाइट म्हणतात. अशा दोन हजार चकत्या एकावर एक ठेवाव्या, तेव्हा कुठे एक मिलिमीटर जाडी होते!

चकत्यांच्या मधे खळीसारखा पातळ थर असतो. विटांच्या भिंतीत मसाला असतो ना, तसाच. तडा गेला तरी तो सरळ पुढे जात नाही. प्रत्येक सांध्यापाशी अडतो, वळतो आणि त्याचा जोर ओसरतो. याच पातळ थरांवरून उजेड परततो, म्हणून आत इंद्रधनुष्याचे रंग दिसतात. स्वातीच्या पावसाच्या थेंबाचा मोती होतो असे म्हणतात. पण मोतीही याच चकत्यांच्या थरांनी बनतो.

एक प्रयोग करा. रिकाम्या शिंपल्याच्या फुटक्या कडेवर लिंबाचा रस टाका. बुडबुडे येतील. आंबट रसाने चुना विरघळतो. बाहेरची साल मात्र रसाला अडवते. आमचे म्हणणे तुम्ही असे स्वतः पडताळून घ्या.

आता कामाची गोष्ट. हा गवंडी जिवंत असेल तरच भिंत वाढते. तो पाणी आत ओढतो, त्यातले बारीक कण खातो आणि गाळलेले पाणी बाहेर सोडतो. नदीतल्या शिंपल्यांची पिले काही दिवस माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहतात. म्हणून नदीत विष टाकून मासे मारले, की शिंपल्यांचाही वंश बुडतो. वाळू खरवडून नेली, तर त्यांचे घरच जाते.

तेव्हा रिकामा शिंपला खुशाल घरी न्या. पण घट्ट मिटलेला, जड शिंपला हाती लागला, तर तो पुन्हा पाण्यात सोडा. आत गवंडी कामावर आहे.