कर्जत लोकलमधली बी.ए.

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात दूरशिक्षणाचा वर्ग भरतो, तेव्हा बाकांखाली आधी दिसतात त्या पिशव्या. रिकामा डबा, छत्री, घरी न्यायची भाजी आणि त्यातच कोंबलेलं पुस्तक. 1971मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम म्हणून सुरू झालेली ही संस्था. नाव बदललं तरी आम्ही अजून तिला ‘आयडॉल’च म्हणतो. चाळिशी उलटल्यावर, नोकरी सांभाळून मी इथे बी.ए.ला नाव घातलं, ते इतिहासासाठी.

माझा खरा वर्ग भरायचा लोकलमध्ये. सकाळी कर्जतहून निघालेल्या गाडीत भिवपुरी रोडला बसायला जागा मिळते. नेरळनंतर तिची आशा नको. आमच्या डब्यातल्या बायकांनी माझी परीक्षा स्वतःच्या अंगावर घेतली होती. परीक्षा जवळ आली की कल्याणपर्यंत मोठ्याने बोलायचं नाही, हा नियम त्यांचाच. एक मावशी मेथी निवडता निवडता मांडीवर पुस्तक उघडं ठेवून प्रश्न विचारायच्या. उत्तर अडलं की म्हणायच्या, “राहू दे, उद्या परत विचारते.” आणि विचारायच्याच. पुणे करार 1932चा, हे पुढे मावशीच नव्या मुलींना सांगू लागल्या. सातवीत शाळा सुटलेली बाई ती.

वर्गातला एक किस्सा मात्र माझ्या गावाचा, भिवपुरीचा. आपल्या परिसरावर लिहा, असं सरांनी सांगितलं. मी आपल्या जुन्या कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटियर मागितलं, तर सर म्हणाले, “ताई, ठाण्याचं बघा. 1882चं. तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं.” त्यात कुसूर घाटाच्या वर्णनात भिवपुरी सापडली. घाटाच्या पायथ्याशी दगडी तलाव आहे आणि तो पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी बांधवला, असं तिथे नोंदलंय. ज्या पार्वतीबाईंना आपण फक्त पानिपताच्या दुःखात पाहतो, त्यांनी घाट उतरून येणाऱ्या वाटसरूंच्या पाण्याची सोय पाहिली होती. त्या रात्री मी सासूबाईंना तो उतारा मराठीत सांगितला. त्यांनी दोनदा सांगायला लावला.

मग भिवपुरीचं पॉवर हाऊस. टाटांच्या आंध्रा व्हॅली योजनेतून 1922मध्ये इथे वीज तयार होऊ लागली आणि मुंबईकडे गेली. वीसच वर्षांनी, स्वातंत्र्यलढ्यात, माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे टॉवर पाडले. 2 जानेवारी 1943ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दोन्ही गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकलेल्या, पण सुट्या सुट्या. त्या एकाच तारेने जोडलेल्या आहेत, हे अभ्यासाने दाखवलं. पदवीची किंमत मला इथे कळली.

नोकरी करणाऱ्यांचा इतिहास म्हणजे फावल्या वेळचा छंद, असं कुणी म्हटलं की मी वा. सी. बेंद्र्यांचं नाव घेते. जन्म 1894चा, आपल्याच जिल्ह्यातल्या पेणचा. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पोटासाठी लघुलेखन. त्यांनी 1928मध्ये ‘साधन-चिकित्सा’ लिहून कागद कसा पारखावा हे शिकवलं, आणि 1960मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचं चरित्र लिहून त्यांच्यावरचे जुने डाग पुराव्यानिशी पुसले. आमच्या पिशव्यावाल्या बाकांची परंपरा ही आहे आणि ती फार मोठी आहे.

निकालाच्या कागदावर नाव एकीचंच छापतात. परीक्षेच्या दिवसांत नवऱ्याने लावलेला कुकर, मैत्रिणीने बदलून घेतलेली पाळी, मावशींचे प्रश्न त्यावर येत नाहीत. तुमच्या घरात शिक्षण सुटलेली कुणी वहिनी, आत्या, आई असेल आणि तिला शिकावंसं वाटत असेल, तर प्रवेश सुरू झाले की तिच्याबरोबर फॉर्म भरायला जा.