पर्यावरणपूरक हॉटेल म्हणजे काय? (पाण्याच्या ग्लासापासून सुरुवात)



हॉटेलात बसलं की पहिल्यांदा काय येतं? पाण्याचा ग्लास. तोही काठोकाठ भरलेला. आपण दोन घोट पितो, चहा घेतो आणि उठतो. उरलेलं पाणी मोरीत जातं. आजचा पाठ याच ग्लासापासून सुरू करू.

एक गणित सोडवा. एका हॉटेलात दिवसाला ५०० गिऱ्हाईक येतात आणि प्रत्येकाच्या ग्लासात सव्वाशे मिलिलिटर पाणी उरते, असे समजा. दिवसाला किती पाणी वाया गेले? साडेबासष्ट लिटर. वर्षाचे झाले २२ हजार ८०० लिटरच्या वर. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून पाणी उरेल! आणि हे फक्त उष्टे पाणी. भांडी, फरशी, शौचालय यांचा खर्च वेगळाच.

जामखेडच्या नळाला भुतवडा तलावाचे पाणी येते. उन्हाळ्यात नळाची वाट कशी पाहावी लागते, हे तुम्हाला सांगायला नको. त्यात आपल्या तालुक्यात अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी आहे, खर्ड्याचा किल्ला आहे आणि शेजारी बीड जिल्ह्यात सौताड्याचा धबधबा आहे. येणारे पाहुणे चहा-जेवणाला हॉटेलातच थांबतात. अहिल्यादेवींची जयंती ३१ मेला असते. म्हणजे पाहुणे खूप आणि पाणी सगळ्यात कमी, असे ते दिवस. म्हणून हा विषय फक्त मोठ्या शहरांचा नाही, आपलाही आहे.

पर्यावरणपूरक हॉटेल म्हणजे काय?

सोपी व्याख्या अशी : गिऱ्हाइकाची सोय कमी न करता जे हॉटेल पाणी, वीज आणि इंधन कमी वापरते, कचरा कमी करते आणि झालेल्या कचऱ्याची नीट व्यवस्था लावते, ते पर्यावरणपूरक हॉटेल. दारात चार कुंड्या ठेवल्या आणि भिंतीला हिरवा रंग दिला, एवढ्याने ते होत नाही.

मुंबईचे ऑर्किड हॉटेल

याचे चांगले उदाहरण एका मराठी उद्योजकानेच घालून दिले आहे. विठ्ठल कामत यांनी मुंबईत विलेपार्ल्याला विमानतळाजवळ ऑर्किड हॉटेल उभे केले. ते १९९७ साली सुरू झाले. ‘इकोटेल’ हे पर्यावरणाचे प्रमाणपत्र मिळवणारे ते आशियातले पहिले पंचतारांकित हॉटेल ठरले. तिथे काय केले ते पाहा :

१) नळांना जाळीचे तोंड बसवले. त्यातून पाण्यात हवा मिसळते, धार भरघोस वाटते, पण पाणी कमी जाते.

२) सांडपाणी शुद्ध करून ते बागेला आणि वातानुकूलन यंत्रणेला वापरले.

३) पोहण्याचा तलाव गच्चीवर बांधला. त्यामुळे खालचा भाग कमी तापतो.

४) खोलीत एक हिरवे बटण ठेवले. पाहुण्याने ते दाबले की एसीचे तापमान दोन अंशांनी वाढते आणि वीज वाचते. इथे जबरदस्ती नाही, पाहुण्याला फक्त संधी दिली आहे.

आपल्याकडे हे कसं जमणार?

‘सर, ते पंचतारांकित आहे, आपलं काय!’ असं तुम्ही म्हणाल. पण यातल्या बऱ्याच गोष्टींना पैशापेक्षा सवय जास्त लागते.

पाणी : ग्लास अर्धाच भरावा आणि टेबलावर जग ठेवावा. साधा नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला दहा लिटरच्या आसपास पाणी जाते. धारेखाली भांडी घासण्याऐवजी आधी खरकटे पुसून काढावे, मग तीन घमेल्यांत क्रमाने धुवावे. शेवटच्या घमेल्यातले पाणी पुढच्या खेपेला पहिल्यात वापरता येते.

खरकटे : २०१६ च्या घनकचरा नियमांनी हॉटेलांना कचरा वेगळा करायला आणि ओल्या कचऱ्याचे शक्यतो आवारातच खत किंवा गॅस करायला सांगितले होते. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली शिळ्या अन्नावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र तयार केले. त्याला २००६ साली ॲश्डेन हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेण म्हणजे जनावराने आधीच पचवलेले अन्न. म्हणून किलोला किलो धरले तर शेणापेक्षा उरलेल्या भात-भाकरीतून जास्त गॅस मिळतो. पण अन्न उरूच नये, हे सर्वांत चांगले.

तेल : भजी-वडे तळून काळे झालेले तेल मोरीत ओतले की गटार तुंबते आणि पुन्हा तळायला वापरले तर तब्येत बिघडते. २०१८ पासून किती खराब झालेले तेल वापरू नये याची मर्यादाही सरकारने ठरवली आहे. असे तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल बनते.

इंधन : भांड्यावर झाकण, लॉजवर सौर बंब आणि मोकळ्या खोलीतला दिवा-पंखा बंद. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

खरी अडचण

आता एक अवघड प्रश्न. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लास्टिकच्या ताट-वाट्या, चमचे यांवर बंदी आहे. मग स्टीलचे ग्लास वापरा, असे आपण सहज सांगतो. पण टँकर विकत घेणारा हॉटेलमालक म्हणतो, ‘गुरुजी, धुवायला पाणी कुठून आणू?’ आणि तो कागदी कप आणतो. त्याचंही अगदीच चुकत नाही. पण बऱ्याच कागदी कपांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे ते सहज कुजत नाहीत. म्हणजे पाणी वाचवायला गेलो आणि कचरा वाढवला.

यावर एकच उत्तर नाही. टंचाईच्या दिवसांत पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण वापरता येतील, त्यांचे खत होते. एरवी स्टील आणि तीन घमेली. आपल्या परिस्थितीत कोणता तोटा कमी, हे मोजूनच ठरवावे लागते.

मोजण्याचा धडा तर आपल्या जिल्ह्यातच आहे. हिवरे बाजारचे गावकरी पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग कोणते पीक घ्यायचे ते ठरवतात. हॉटेलच्या गल्ल्याचा हिशोब रोज लिहिला जातो. त्याच वहीत आज किती टाक्या पाणी लागले, किती बादल्या खरकटे निघाले, हे दोन रकाने वाढवले तर? जे मोजलं जात नाही, ते वाचवलंही जात नाही.

आपण काय करू शकतो?

गिऱ्हाईक म्हणून आपलीही जबाबदारी आहे. लागेल तेवढेच मागवा. ‘दादा, अर्धाच ग्लास द्या’ असे म्हणायला लाजू नका. पार्सलला घरून डबा न्या.

उपक्रम : घरचा नळ एक मिनिट बादलीत सोडा. किती लिटर पाणी जमले ते मोजून वहीत लिहा आणि ते पाणी झाडांना घाला. मग नळाची धार निम्मी करून पुन्हा मोजा. दोन्ही आकड्यांतला फरक वर्गात सांगा.