डायरीत नसलेले तास

गेल्या आठवड्यात आपण २४ तासांचा नियम पाहिला. अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ वगळून, तेवढ्या मुदतीत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. आता प्रश्न असा की हा नियम मोडणाऱ्या पोलिसावर खटला चालवावा का? माझं उत्तर आहे: चालवलाच पाहिजे.

हा नियम बहुतेक वेळा अटक न दाखवताच मोडला जातो. माणसाला चौकशीसाठी म्हणून ठाण्यात आणतात, मोबाइल काढून घेतात आणि बाकावर बसवून ठेवतात. फाटकाशी ताटकळणाऱ्या घरच्यांना ‘साहेब आले की सोडतो’ एवढंच ऐकवतात. स्टेशन डायरीत नोंद नसते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अटक दाखवली की २४ तास तिथून मोजायचे. आधीची रात्र कागदावर घडलेलीच नसते, आणि कागद ज्यांच्या ताब्यात, त्यांच्याचविरुद्ध ती सिद्ध करायची असते.

कायद्यात तरतूद नाही असं नाही. बेकायदा आहे हे माहीत असूनही द्वेषाने किंवा भ्रष्ट हेतूने कोणाला कोंडून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २५८ नुसार सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिकपणे काम करताना चूक झालेला पोलीस या कलमात सापडत नाही. त्यामुळे ‘खटले भरले तर पोलीस काम कसं करणार’ हा आक्षेप मला पटत नाही.

१९८५ मध्ये जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग विधानसभेच्या अधिवेशनासाठी श्रीनगरला निघाले होते. त्यांना वाटेतच पकडलं गेलं. पोलिसांनी त्यांना हजर न करताच, दंडाधिकाऱ्यांच्या घरी जाऊन कोठडीचे आदेश मिळवले. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांवर कडक ताशेरे ओढले आणि ५० हजार रुपये भरपाई द्यायला लावली. ती द्यायची होती राज्य सरकारने, म्हणजे अखेर जनतेनेच. ज्यांनी कोंडलं त्यांच्या खिशाला त्या आदेशाची झळ बसली नाही.

खटल्याची वाट अडते ती मुख्यतः सरकारी मंजुरीपाशी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ ने आता १२० दिवसांची मुदत घातली आहे. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. ही खरी सुधारणा आहे. पण त्याच संहितेत कलम २२३ म्हणतं की कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याची तक्रार लोकसेवकाविरुद्ध आली, तर दखल घेण्याआधी त्याचं म्हणणं आणि त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवावा. ज्या खात्याच्या छपराखाली माणूस डांबला गेला, त्याच खात्याचा शब्द आधी ऐकायचा, हे मला अन्यायाचं वाटतं.

पुरावा मात्र आता आवाक्यात आहे. सर्व पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला. म्हणून वकिलाने रिमांडच्या पहिल्याच दिवशी दोन गोष्टी कराव्यात: अशिलाला नेमकं कधी उचललं ते न्यायालयाच्या नोंदीत आणावं आणि त्या वेळेपासूनचं चित्रीकरण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज द्यावा. उशीर केला तर चित्रीकरण पुसलं गेलेलं असू शकतं.