तिरपा प्रकाश

थोरल्या बाजीराव रस्त्यावर, विश्रामबागवाड्यासमोर, दुकानाच्या पायरीला टाच टेकेपर्यंत मागे सरकलं तरी वाड्याचा लाकडी सज्जा आणि त्याखालचे खांब 50 मिलिमीटरच्या लेन्समध्ये मावत नाहीत. आणखी मागे जायला जागाच नाही. पेठांमध्ये फोटो काढणाऱ्याला वाइड लेन्स लागते ती अशी: बोळ अरुंद, वाडा उंच आणि पाठीशी भिंत.

माझ्याकडची वाइड लेन्स मामांची आहे. ज्युपिटर-12, 35 मिलिमीटर, रशियन बनावटीची. ती त्यांच्या झॉर्की-4 कॅमेऱ्यासोबतच माझ्याकडे आली. मामांनी तिच्यावर काढलेले कृष्णधवल फोटो आमच्या घरी आहेत आणि त्यांत चौकटीच्या अगदी कोपऱ्यातल्या खिडकीचे गजसुद्धा मोजता येतात. हीच लेन्स अडॅप्टर लावून एका चांगल्या, महागड्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवली आणि सज्ज्याचा फोटो काढला. मधला भाग सुरेख आला. डावी कड जांभळट, उजवी हिरवट आली आणि कोपऱ्यातलं कोरीवकाम ओल्या रंगावरून बोट फिरवावं तसं फरफटलेलं दिसलं. लेन्स तीच, वाडा तोच. बदललं होतं ते लेन्सच्या मागचं.

या मागच्या गोष्टीकडे लेन्सवर प्रेम करणाऱ्यांचंही फारसं लक्ष जात नाही. आपण लेन्सला चांगली म्हणतो, वाईट म्हणतो, तिच्या काचा मोजतो. पण लेन्स एकटी कधीच चित्र काढत नाही. तिचा प्रकाश ज्या पृष्ठभागावर पडतो, तो पृष्ठभाग मनात धरूनच तिची आखणी झालेली असते.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसा नसतो. एसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा वरखाली हलतो आणि त्याला जागा द्यावी लागते, म्हणून निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्सची बैठक फिल्मपासून 46.5 मिलिमीटरवर असते. रेंजफाइंडरमध्ये नेम धरायची खिडकी वेगळी आणि अंतर जुळवणारी यंत्रणा वेगळी, त्यामुळे लेन्सच्या मागे सगळं मोकळं असतं. लायकाच्या एम माउंटमध्ये हे अंतर 27.8 मिलिमीटर आहे, आणि लेन्सचा मागचा भाग त्याहीपेक्षा आत घुसू शकतो. माझी ज्युपिटर बॉडीवरून काढली की तिची मागची काच नाकाच्या शेंड्यासारखी पुढे आलेली दिसते. ती पालथी ठेवायची हिंमत होत नाही.

ही मोकळी जागा भिंगकारांना मिळालेलं दानच होतं. झाइससाठी काम करणाऱ्या लुडविग बेर्टेले यांनी 1930च्या दशकात 35 मिलिमीटरची बायोगॉन आखली आणि 1950च्या दशकात 21 मिलिमीटरची. माझी ज्युपिटर ही त्या पहिल्या बायोगॉनचीच रशियन बहीण. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसची यंत्रं आणि आराखडे सोव्हिएत संघात गेले, त्यांतून ती जन्मली. 21च्या बायोगॉनमध्ये आणि नंतर लायकासाठी आलेल्या श्नायडरच्या सुपर अँग्युलॉनमध्ये छिद्राच्या पुढची आणि मागची भिंगं जवळजवळ एकमेकांची प्रतिबिंबं असतात. अशा रचनेत पुढच्या अर्ध्याने केलेली वक्रता मागचा अर्धा पुसून टाकतो. सरळ भिंत सरळच राहते. वाड्याच्या तुळया वाकत नाहीत.

याची किंमत एकच. अशा लेन्समध्ये प्रकाश जितका तिरपा आत येतो, जवळजवळ तितकाच तिरपा बाहेर पडतो. 21 मिलिमीटरच्या लेन्समध्ये 35 मिलिमीटर फिल्मच्या कोपऱ्यावर किरण साधारण 45 अंशांत पडतात. मावळतीचं ऊन अंगणात पडावं तसे. नियमाप्रमाणे तिथे मध्यभागाच्या एक चतुर्थांशच उजेड पोचतो, म्हणून कोपरे काळवंडतात. फिल्मला याचं फारसं काही वाटत नसे. तिचा थर मिलिमीटरच्या काही शतांशांचा. चांदीच्या क्षारांचे कण त्यात कसेही पसरलेले, ना खड्डा ना भिंत. कण प्रकाश कुठूनही घेतो.

सेन्सर तसा नाही. तो पुण्यातल्या जुन्या आडांसारखा आहे: तोंडाशी उभं राहून सरळ खाली पाहिलं तर पाणी दिसतं, जरा बाजूला सरकलं की फक्त भिंत. लाखो बारीक खड्डे शेजारी शेजारी, प्रत्येकाच्या तळाशी प्रकाश टिपणारा सिलिकॉनचा तुकडा, त्याच्यावर तारांचे थर, त्यावर लाल, हिरवा किंवा निळा गाळणीचा ठिपका आणि सगळ्यात वर एक सूक्ष्म भिंग. सरळ आलेला किरण हे भिंग तळाशी नेऊन सोडतं. 30-40 अंशांत आलेला किरण भिंतीवर आपटतो, किंवा हिरव्या ठिपक्यातून शिरून शेजारच्या लाल खड्ड्यात उतरतो. दुसऱ्या प्रकारातून रंगांची गल्लत होते. खड्ड्यांभोवतीच्या तारा डावी-उजवीकडे सारख्या नसतात, म्हणून एक कड जांभळी आणि दुसरी हिरवी.

फरफटीचं कारण मात्र निराळं. ते खड्ड्यांच्याही वर, साध्या काचेत आहे.

सिलिकॉनला आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं. 1100 नॅनोमीटरपर्यंतचं अवरक्त त्याला दिसतं, आणि ते आत आलं तर रंग बिघडतात. म्हणून सेन्सरवर अवरक्त शोषणारी काच असते, बहुतेकदा सोबत आणखी एक-दोन थर. अनेक फुल फ्रेम कॅमेऱ्यांत ही सगळी थप्पी दोन मिलिमीटरच्या आसपास जाते. ऐकायला क्षुल्लक वाटतं. मी वहीवर गणित मांडून पाहिलं. दोन मिलिमीटरची सपाट काच मधोमध येणाऱ्या किरणांचा केंद्रबिंदू 0.68 मिलिमीटर मागे ढकलते. हे सगळीकडे सारखं असतं तर फोकस जरा फिरवला की भागलं असतं. पण 30 अंशांत येणाऱ्या किरणांसाठी हे ढकलणं 0.79 आणि 40 अंशांत 0.89 होतं. म्हणजे मध्य नीट जुळवला की कोपऱ्यांचं चित्र सेन्सरच्या 0.1 ते 0.2 मिलिमीटर मागे तयार होतं. एफ 2.8 वर फोकसला चूक माफ असते ती एका बाजूला 0.06 मिलिमीटरच्या आसपास. हिशेब तिथेच संपतो. बेर्टेलेंच्या कागदावर ही काच नव्हती, त्यांच्या लेन्समागे फक्त हवा होती.

मग काच पातळ करावी, हे कुणालाही सुचेल. लायकानं तेच केलं, आणि पुढची गोष्ट मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी वाटते. पहिला डिजिटल रेंजफाइंडर 2004 मध्ये एप्सननं आणला, आर-डी1, कोसिनाच्या बॉडीवर. त्याचा सेन्सर लहान होता, त्यामुळे लेन्सचे तिरपे कोपरे आपोआपच चौकटीबाहेर राहिले. लायकाचा एम8 आला 2006 मध्ये. कोडॅकनं त्याच्यासाठी खास सेन्सर केला: कडेच्या खड्ड्यांवरची सूक्ष्म भिंगं मध्याकडे सरकवलेली, म्हणजे तिरप्या किरणांची वाट धरून बसलेली. वरची काच केवळ अर्धा मिलिमीटर ठेवली. कोपरे सुधारले, पण अर्धा मिलिमीटर काचेतून अवरक्त आत शिरलं. काळे कृत्रिम धाग्याचे कपडे अवरक्त भरपूर परावर्तित करतात, ते फोटोत वांगी रंगाचे दिसू लागले. अखेर कंपनीनं ग्राहकांना लेन्सच्या पुढे लावायचे अवरक्त अडवणारे फिल्टर दिले. हे फिल्टर रंग शोषून नाही, तर अतिपातळ थरांमधल्या व्यतिकरणानं अडवतात, आणि अशा फिल्टरवर प्रकाश तिरपा पडला की त्याची मर्यादा लहान तरंगलांबीकडे सरकते. वाइड लेन्सच्या कोपऱ्यात ती लालही खाऊ लागली आणि कोपरे निळे-हिरवे झाले. मग लेन्सच्या माउंटवरची सहा ठिपक्यांची खूण कामाला लागली: कॅमेऱ्यानं ती वाचायची, कुठली लेन्स आहे ते ओळखायचं आणि निळेपणा गणितानं काढून टाकायचा. एका तिरप्या किरणापायी एवढी मोठी साखळी.

2009च्या एम9 मध्ये पूर्ण आकाराचा सेन्सर आला आणि काच 0.8 मिलिमीटरपर्यंत वाढवली. पण अवरक्त नीट शोषणारी ती विशिष्ट काच ओलाव्याला हळवी निघाली. काही वर्षांत तिच्यावर गंजासारखे डाग पडले आणि कंपनीला सेन्सर बदलून द्यावे लागले.

या झगड्याची दुसरी बाजू पाहायची तर पुण्याबाहेर जावं लागत नाही. गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात आयुका आहे. जयंत नारळीकरांनी 1988 मध्ये उभी केलेली ही खगोलशास्त्राची संस्था. लेन्स आणि सेन्सर यांचं लग्न तिथे उलट्या क्रमानं लागतं: प्रकाश टिपणारी चकती आधी ठरते, मग काचा.

आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण पुण्यापासून सुमारे 80 किलोमीटरवर, गिरवलीच्या डोंगरावर आहे. 2006 च्या मे महिन्यात ती सुरू झाली. तिचं गुणोत्तर एफ 10, म्हणजे नाभीय अंतर 20 मीटर. तिच्यावरच्या चकतीचा, म्हणजे सीसीडीचा, एकेक ठिपका 13.5 मायक्रोमीटरचा. दुर्बिणीचं चित्र थेट त्या चकतीवर सोडलं असतं तर प्रत्येक ठिपक्यात आकाशाचा 0.14 विकला एवढाच तुकडा आला असता (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग). पृथ्वीच्या हवेतून दिसणारा तारा एक-दीड विकला पसरलेला असतो, तेव्हा एक तारा आठ-दहा ठिपक्यांवर विस्कटला असता आणि अंधूक ताऱ्याचा उजेड वाया गेला असता. म्हणून मध्ये आयफॉस्क आहे. कोपनहेगनच्या वेधशाळेबरोबर मिळून केलेलं हे उपकरण प्रकाशाचा शंकू एफ 4.5 पर्यंत आवळतं. ठिपक्यामागे 0.3 विकला येतात आणि 2048 ठिपक्यांच्या चकतीवर 10.5 कलांचं आकाश मावतं (कला म्हणजे 60 विकला). अशा उपकरणांत सीसीडी निर्वात डब्यात थंड ठेवलेली असते आणि त्या डब्याला काचेची खिडकी असते. माझ्या लेन्सचा घात करणारी तीच सपाट काच. फरक एवढाच, की ती आराखड्यात पहिल्या दिवसापासून मोजलेली असते.

याहून मोठी परीक्षा होती सूट या दुर्बिणीची. 2 सप्टेंबर 2023 रोजी निघालेल्या आदित्य-एल1 यानावर ती आहे, आयुकाच्या नेतृत्वाखाली आणि इस्रोबरोबर घडलेली. सूर्याकडे ती 200 ते 400 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात पाहते. हा प्रकाश सिलिकॉनच्या अगदी वरच्या पातळ थरातच संपतो. चकतीवर नेहमीसारखी तारांची जाळी समोर असती, तर तो खाली पोचलाच नसता. म्हणून सूटची सीसीडी उलटी करून, पाठ तासून पातळ केलेली आहे. प्रकाश पाठीकडून आत येतो. खगोलशास्त्रज्ञ ही युक्ती कित्येक दशकं वापरत आले आहेत. फुल फ्रेम कॅमेऱ्यांत ती सोनीनं 2015 मध्ये आणली, लायकाच्या एम11 मध्ये 2022 साली. पाठ वर आली की तारा खाली जातात, आड उथळ होतो आणि तिरप्या किरणालाही पाणी दिसतं. जुन्या रेंजफाइंडर लेन्सचे जांभळे कोपरे निवळायला सर्वांत मोठी मदत झाली ती याची.

सूटमध्ये व्यतिकरणाचे फिल्टरही आहेत. मॅग्नेशियमच्या दोन रेषा, 279.6 आणि 280.3 नॅनोमीटरवरच्या, ते वेगवेगळ्या पाहतात. दोन्हींत अंतर 0.7 नॅनोमीटर. इथे एम8 सारखा निळेपणा परवडणार नाही. फिल्टर तिरप्या प्रकाशानं जरा सरकला तर एका रेषेच्या जागी भलतंच काही मोजलं जाईल. पण सूटचा शंकू एफ 25च्या आसपासचा आहे, इतका निमुळता की किरण जवळजवळ समांतरच येतात. 4096 बाय 4096 ठिपक्यांच्या चकतीवर सूर्यबिंब सुमारे 2700 ठिपके व्यापतं. ज्यांना तिरपा प्रकाश नकोच होता, त्यांनी तो येणारच नाही अशी दुर्बीण आखली. बेर्टेलेंना ही मोकळीक नव्हती. त्यांना रस्त्यात उभं राहून अख्खा वाडा दाखवायचा होता.

माझ्या लेन्ससाठी मला उपाय गिरवलीच्या माणसांकडूनच मिळाला. संधिप्रकाशात, तारे उमटण्यापूर्वी, वेधशाळेत रिकाम्या आकाशाचे फोटो घेतात. आकाश सारखं उजळलेलं असतं, तेव्हा चित्रात जी असमानता दिसते ती यंत्राची. रात्रीच्या प्रत्येक चित्राला त्यानं भागतात. आता मी दुधाळ अॅक्रिलिकचा हाताएवढा तुकडा खिशात ठेवतो. सज्ज्याचा फोटो काढला की फोकस आणि छिद्र न हलवता तो तुकडा लेन्सपुढे धरून एक पांढरी चौकट घेतो आणि घरी आल्यावर भागाकार करतो. जांभळं जातं, हिरवं जातं, काळवंडलेले कोपरे उजळतात.

फरफट जात नाही. रंगाला भागता येतं, न जुळलेल्या फोकसला नाही. एफ 11 वर ती बरीच आवरते, पण पेठेतल्या सावलीत एफ 11 परवडतं कुठे? सेन्सरवरची काच काढून पातळ बसवून देणारे लोक आहेत. मग बाकीच्या आधुनिक लेन्सचे कोपरे बिघडतात, कारण त्या जाड काच धरूनच आखलेल्या असतात.

गेल्या महिन्यात झॉर्कीत रोल भरला आणि त्याच पायरीवर उभं राहून, त्याच लेन्सनं, एफ 4 वर सज्जा काढला. रोल धुऊन आला तेव्हा वरच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे डिजिटल चित्रात नुसता राखी पट्टा होता, तिथे तुळईच्या टोकाची पाकळ्यांची कोरीव नक्षी होती. भिंग लावून मी पाकळ्या मोजल्या.